बेचाळीस मुक्काम

बायबलच्या चौथ्या पुस्तकातला तेहेतिसावा अध्याय फारसे कुणी मन लावून वाचत असेल असे मला वाटत नाही. मीही वर्षानुवर्षे तो ओलांडूनच पुढे जात असे. त्यात कथा नाही, संवाद नाहीत. मिसरमधून निघालेले इस्राएल लोक चाळीस वर्षांत कुठून कुठे गेले, याची ती नुसती यादी आहे. रामसेसहून निघाले, सुक्कोथला उतरले. सुक्कोथहून निघाले, एथामला उतरले. असे करत करत यार्देन नदीच्या काठी, यरीहोसमोरच्या मवाबाच्या मैदानापर्यंत. परंपरेने मोजलेले मुक्काम बेचाळीस.

या यादीकडे माझे लक्ष वळवले ते अलिबागच्या एका वर्गमैत्रिणीने. ती बेने इस्रायल, घर इस्रायल आळीत. वल्हांडणाच्या सणाला तिच्या घरी मी एकदा बसले होते. खजुराच्या गोडाबरोबर कडू पाला समोर आला, त्याला ते ‘मारोर’ म्हणत. मी तोंड वाकडे केले तशी तिची आजी म्हणाली, ‘‘कडूच असायचं ते, पोरी. आठवण राहावी म्हणून खायचं.’’ पुढे १९६०च्या दशकात ते सगळे कुटुंब इस्राएलला गेले आणि नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोना गावी स्थिरावले. मी बडोद्याला इतिहास शिकवत राहिले. निवृत्तीनंतर हिब्रू शिकायला घेतले, तेव्हा पुस्तकात अडलेले शब्द फोनवर तिलाच विचारू लागले. एकदा ती म्हणाली, ‘‘अगं, ती मुक्कामांची यादी वाच. आमच्या गावाच्या आसपासचीच वाट आहे ती.’’

वाचू लागले तेव्हा आधी दोन क्रियापदांनी थांबवले. यादीभर तीच दोन पुन्हा पुन्हा येतात: ‘वय्यिसऊ’, ते निघाले, आणि ‘वय्यखनू’, त्यांनी तळ दिला. पहिल्याच्या मुळाशी उपटण्याचा अर्थ आहे. शमशोन गाझाच्या वेशीचे खांब उपटून खांद्यावर घेतो, तिथे हेच क्रियापद आहे. तंबूत राहणाऱ्यांना निघायचे म्हणजे आधी मेखा उपटायच्या. म्हणून उपटणे हाच शब्द निघण्याला लागू झाला. आजच्या हिब्रूत बसने जायचे असले तरी हेच क्रियापद वापरतात. दुसऱ्याची गत तर आणखी मजेची. मैत्रीण म्हणाली, ‘‘तुझा तो तळ आमच्याकडे गाड्या लावायच्या जागेवर पाटीवर लिहिलेला असतो.’’ ‘खनाया’, म्हणजे पार्किंग, त्याच धातूपासून आलेला शब्द आहे.

मराठीत ही जोडी मांडायला आपल्याला शोधाशोध करावी लागत नाही. कूच आणि मुक्काम हे शब्द बखरींपासून आपल्या कानांत आहेत. त्यातला ‘मुक्काम’ अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचे मूळ ‘उभे राहणे’ या अर्थाच्या धातूत आहे, आणि त्याच धातूचा हिब्रू भाऊ म्हणजे ‘माकोम’, जागा. आपण पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहितो तेव्हा सेमिटिक भाषांतला एक फार जुना शब्द आपल्या गावाच्या नावाआधी लिहीत असतो.

या चौथ्या पुस्तकाला मराठीत ‘गणना’ म्हणतात. हे नाव ग्रीक भाषांतराकडून आले. तिथे त्याचे नाव ‘आकडे’ अशा अर्थाचे होते, कारण सुरुवातीला शिरगणती आहे. हिब्रूत मात्र ते पुस्तक ‘बमिदबार’ म्हणून ओळखले जाते. पहिल्याच वाक्यातला तो एक शब्द आहे, अर्थ ‘रानात’. त्याच वाक्याची सुरुवात ‘वय्यदब्बेर’ने होते, म्हणजे ‘तो बोलला’. बोलणे आणि रान, दोन्हींत द-ब-र ही तीन अक्षरे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘मिदबार’चा संबंध बहुधा जनावरे चरायला नेण्याशी आहे, पण जुन्या यहुदी भाष्यकारांनी रान आणि वाणी यांच्या या नात्याचा मनसोक्त उपयोग केला.

मिदबार म्हणजे नुसती वाळूही नव्हे. पाऊस थोडा, शेती नाही, पण शेळ्यामेंढ्या चारता येतील असा तो मोकळा मुलूख. मराठी बायबलात त्यासाठी ‘रान’ आणि ‘अरण्य’ असे शब्द भेटतात. ‘अरण्य’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाट झाडी उभी राहते, आणि सीनायमध्ये ती नाही. ‘रान’ मात्र नेमका बसतो. आपल्याकडे गुरे रानात जातात, माणूस रानात जातो, आणि रान ओसाडही असू शकते. कोणीतरी हा शब्द निवडताना देशावरचे माळ पाहिलेले असणार, असे मला नेहमी वाटते.

शब्द बदलला की भूगोलही बदलतो, याचे उदाहरण यादीच्या सुरुवातीलाच आहे. मिसरमधून निघाल्यावर ओलांडलेल्या समुद्राचे हिब्रू नाव ‘याम सूफ’. सूफ म्हणजे लव्हाळी. तान्ह्या मोशेला पेटीत घालून नदीकाठी ठेवले ते याच सूफमध्ये. शब्द बहुधा मिसरी भाषेतून हिब्रूत आला. ग्रीक भाषांतरकारांनी मात्र तिथे ‘तांबडा समुद्र’ लिहिले, आणि तेच नाव पुढे जगभर गेले. मराठीतही ‘तांबडा समुद्र’च रूढ झाला. लव्हाळी उगवतात ती गोड्या किंवा मचूळ पाण्याच्या सरोवराकाठी. त्यामुळे नाईलच्या मुखाच्या पूर्वेकडची सरोवरे डोळ्यांपुढे आणणारे अभ्यासक बरेच आहेत. पण हिब्रू बायबलातच दुसऱ्या ठिकाणी हे नाव अकाबाच्या आखातालाही दिलेले आहे. एका शब्दाने आखाताएवढे पाणी इकडून तिकडे सरकते.

समुद्रापलीकडे शूरचे रान. शूर म्हणजे भिंत; मिसरच्या पूर्व सीमेवरच्या तटबंदीची ती आठवण असावी. तीन दिवस पाणी मिळाले नाही, आणि मिळाले ते पिववेना. त्या जागेचे नाव ‘मारा’, म्हणजे कडू. अलिबागच्या ताटातला मारोर याच धातूचा. रूथच्या पुस्तकात नवरा आणि मुलगे गमावून परतलेली नामी गावच्या बायकांना सांगते की आता मला मारा म्हणा. तेही हेच.

पुढे सीनच्या रानात सकाळी जमिनीवर दहिवरासारखे काहीतरी पडलेले दिसले. लोक एकमेकांना म्हणाले, ‘मान हू?’ म्हणजे ‘हे काय?’, आणि तेच त्याचे नाव झाले: मान्ना. धण्यासारखा दाणा, रंग पांढरा, चव मधातल्या पापडीची, असे वर्णन आहे. व्याकरण थोडे अडते, कारण हिब्रूत ‘काय’ला ‘मा’ म्हणतात, ‘मान’ नव्हे. उलट सीनायच्या अरबांना ‘मन्न’ हा पदार्थ माहीत आहे. १९२७ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ बोडेनहायमर तिथे गेले आणि झाऊच्या झुडपांवरचे बारीक किडे रस पिऊन जो गोड स्राव टाकतात, तोच हा मन्न, असे त्यांनी मांडले. वस्तूचे नाव आधी होते आणि ‘हे काय?’ ही गंमत नंतर जोडली गेली, हे शक्य आहे. तरी चाळीस वर्षे एक अख्खा समाज रोज सकाळी एक प्रश्न वेचून खात होता, ही कल्पना मला सोडवत नाही.

रफीदीमला पुन्हा पाणी नाही, पुन्हा भांडण. त्या जागेला मोशेने दोन नावे दिली: ‘मस्सा’, कसोटी, आणि ‘मरीबा’, तंटा. इथे एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. तेहेतिसाव्या अध्यायाच्या यादीत ही दोन्ही नावे नाहीत. तिथे फक्त रफीदीम आहे आणि पाणी नव्हते एवढी नोंद. आगीवरून पडलेले ‘तबेरा’ हे नावही यादीत नाही. म्हणजे नोंद ठेवणाऱ्याने नकाशावरची नावे लिहिली, आणि लोकांच्या तोंडी त्याच जागांची दुसरी, बोचरी नावे राहिली. अखेरीस निरोपाच्या भाषणात मोशे तबेरा, मस्सा आणि किब्रोथ-हत्तव्वा अशी तीन नावे ओळीने घेतो. घडलेले फारसे सांगत नाही. नावे पुरेशी आहेत, आरोपपत्रातल्या कलमांसारखी.

यातले तिसरे नाव यादीतही आहे, आणि तेच मला सगळ्यांत अवघड जाते. लोक मान्नाला कंटाळले. रडून म्हणू लागले की मिसरात मासे फुकट मिळायचे. काकड्या होत्या, कलिंगडे होती, कांदे होते, लसूण होता. हिब्रूत हे शब्द आजही बाजारात चालतात: कलिंगड ‘अवतीआख’, कांदा ‘बत्साल’, लसूण ‘शूम’. मग लावे पक्ष्यांचे थवे आले. लोकांनी ते अधाशासारखे गोळा केले, मरी आली, आणि मेलेल्यांना तिथेच पुरले. म्हणून जागेचे नाव ‘किवरोत हत्ताअवा’, मराठी बायबलात किब्रोथ-हत्तव्वा. यातला ‘केवेर’ आपल्या ओळखीचा आहे. अरबीतला त्याचा भाऊ ‘कब्र’, आणि त्याची मराठी ‘कबर’. अर्धे नाव आपल्याजवळ आधीपासून आहे. उरलेला अर्धा शब्द ‘ताअवा’. त्याकडे नंतर येते.

यादीच्या मधल्या भागातली बरीच नावे दुसरीकडे कुठेही भेटत नाहीत. त्यांच्या कथा नाहीत, फक्त अर्थ हाताला लागतात, तेही सगळे खात्रीचे नाहीत. रिथमा हे ‘रोतेम’ नावाच्या पांढऱ्या फुलांच्या झुडपावरून. रिम्मोनमध्ये डाळिंब आहे. लिब्नामध्ये पांढरा रंग. शेफेर म्हणजे देखणा डोंगर. हरादा म्हणजे थरकाप. आजच्या हिब्रूत मानसिक चिंतेलाही हाच शब्द आहे. मिथका म्हणजे गोडी. कडू पाण्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गोड मुक्कामाबद्दल मात्र कुणी एक ओळ लिहून ठेवली नाही.

इतिहास शिकवलेल्या माणसाने इथे स्वतःला थांबवून एक प्रश्न विचारायला हवा: आधी घटना, की आधी नाव? सीनायमध्ये खाऱ्या-कडू पाण्याच्या विहिरी आहेत. तिथून जाणारा कुठलाही काफिला एखादीला ‘कडू’ म्हणेल. त्यासाठी मोशेची गरज नाही. सुक्कोथचा हिब्रू अर्थ मांडव, पण मिसरच्या त्याच पूर्व भागात ‘च्येकू’ नावाचा प्रदेश होता, आणि हिब्रू कानाने तो सुक्कोथ ऐकला असावा. खुद्द मोशेचे नाव निर्गमच्या पुस्तकात ‘पाण्यातून काढलेला’ असे उलगडले आहे. पण रामसेस किंवा थुतमोस या राजांच्या नावांत जो ‘जन्मलेला’ अर्थाचा मिसरी शब्द आहे तोच त्यात असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे नावांचे अर्थ कित्येकदा मागाहून लावलेले आहेत.

जमीनही फारशी मदत करत नाही. कादेश हा यादीतला मोठा मुक्काम. उत्तर सीनायमधला ऐन अल-कुदैरात हा झरा म्हणजे कादेश, असे आज बहुतेकांचे मत आहे. १९१४ साली लेनर्ड वूली आणि पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स यांनी तिथली पाहणी केली आणि याच झऱ्याच्या बाजूने कौल दिला. पुढे तिथे उत्खनने झाली. यहूदाच्या राजांच्या काळातल्या गढ्या सापडल्या. पण ज्या काळात ही यात्रा सहसा मानली जाते त्या इ.स.पू. तेराव्या शतकातल्या एखाद्या मोठ्या तळाची खूण सापडली नाही. यादीच्या शेवटच्या टप्प्यातली काही नावे मात्र जमिनीला धरून आहेत. पूनोन म्हणजे आज जॉर्डनमध्ये असलेले तांब्याच्या खाणींचे फैनान. दीबोन म्हणजे धीबान, जिथे १८६८ साली मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. बाकी वाट धूसर आहे. होरेबहून कादेश-बर्ण्यापर्यंत अकरा दिवसांची मजल, असे अनुवादच्या पुस्तकाच्या आरंभीच म्हटले आहे. अकरा दिवसांच्या वाटेच्या आसपास चाळीस वर्षे गेली.

मग या यादीतून इतिहासाला काय मिळते? वाट मिळत नाही, पण वाट आठवण्याची एक रीत मिळते. नावे घटनेआधीची असोत वा नंतरची, कधीतरी कुणीतरी ठरवले की या जागांचे अर्थ असेच सांगायचे: इथे आपण भांडलो, इथे कुरकुर केली, इथे हावरटपणा केला. मरीबाचे नाव कादेशलाही पुन्हा येते. तिथे मोशे खडकावर दोनदा काठी मारतो आणि वचनदत्त देशात जाण्याचा हक्क गमावतो. नेत्याची चूकसुद्धा पाण्याच्या नावात ठेवली. आपण गावांची नावे बदलतो ती सहसा मोठेपणा मिरवायला किंवा कुणाचे तरी पुसायला. स्वतःच्या तंट्याचे नाव पाणवठ्याला देऊन ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाचायला लावणारे लोक मला दुसरे चटकन आठवत नाहीत.

पण ही रीत भाषांतरात टिकते का? मराठीने हिब्रूशी व्यवहार केला त्याला बराच काळ झाला. १८३२ साली जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलांसाठी हिब्रू व्याकरणाची ओळख मराठीत छापली. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू-मराठीत निघाली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते पूर्ण छापून बाहेर आले. या सगळ्या परंपरेपुढे एक अडचण कायम राहिली असणार: नावाचे भाषांतर करायचे की नाही? ‘पेसाख’चे केले, आणि काय सुंदर केले! ओलांडणे, वलांडणे, त्यावरून वल्हांडण; सणाच्या नावातच त्याची कथा ऐकू येते. बाभळीचे लाकूडही असेच घरचे वाटते. पण मारा, मस्सा, मरीबा तशीच राहिली. त्यालाही कारण आहे, नकाशावरचे नाव बदलायचे नसते. पण मराठी कानाला ‘मरीबा’त तंटा ऐकू येत नाही, जिने स्वतःला बोल लावला ती जागा नुसता आवाज होऊन उरते. लिपीही घोटाळा करते. ‘सीन’ आणि ‘त्सीन’ ही दोन वेगळी राने, दोन वेगळ्या अक्षरांची. देवनागरीत ती सहज एक होऊन बसतात. ‘मसा’ म्हणजे प्रवास आणि ‘मसा’ म्हणजे कसोटी, हिब्रूत शेवटचे अक्षर वेगळे, आजच्या उच्चारात फरक नाही. त्यातला कसोटीवाला मसा आधुनिक हिब्रूत ललित निबंधालाही वापरतात, हे कळल्यावर मी थोडी सावरून बसले.

मी सध्या या बेचाळीस नावांचे मराठी टिपण करते आहे. नाव तसेच ठेवायचे आणि शेजारी अर्थ द्यायचा, असे ठरवले. काम बरे चालले होते. अडले ते किब्रोथ-हत्तव्वापाशी. ताअवाला मी ‘हाव’ लिहिले होते: हावेच्या कबरी. मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवले. ती गप्प झाली, मग म्हणाली, ‘‘आमच्या स्वयंपाकघराचं नाव होतं ते.’’

दिमोनाला गेल्यावर आजीचे जेवण उतरले होते. रोज म्हणायची, अलिबागला मासे कसे दारात यायचे, कोळीण हाक मारायची, कोकम होते, ओला नारळ होता. इथे काय, धूळ. वडिलांना पोथी पाठ; त्यांनी चेष्टेने स्वयंपाकघराला किब्रोथ-हत्तव्वा म्हणायला सुरुवात केली. मुले हसायची. आजीही हसायची, आणि पुन्हा माशांवर यायची. तिथेच ती गेली. तिची कबर दिमोनात आहे.

‘‘हाव नव्हती गं ती,’’ मैत्रीण म्हणाली.

मी पुन्हा शब्दकोश उघडला. ताअवा हा शब्द हिब्रूत वाईटच असतो असे नाही. नीतिसूत्रांत नीतिमान माणसांच्या इच्छेलाही तोच शब्द आहे. तिथे कुणी त्याला हाव म्हणणार नाही. गणनेच्या अकराव्या अध्यायात मात्र कथेचा रोख सरळ आहे. मरी आली ती शिक्षा म्हणून. भाषांतर करणाऱ्याने कथेचे ऐकायचे की शब्दाचे, हा प्रश्न तिथे उरतो. रानात माशांसाठी रडणाऱ्यांना त्यांच्याच लोकांनी दोषी ठरवले, आणि त्यांची आठवणही त्यांच्याच लोकांनी ठेवली. एकाच शब्दात दोन्ही गोष्टी बसल्या आहेत.

टिपणात आता ‘हावेच्या’वर बारीक रेघ आहे, शेजारी पेन्सिलीने ‘ओढीच्या’ लिहिले आहे. दोन्ही तसेच ठेवणार आहे. पुढचा मुक्काम हसेरोथ. त्याचा अर्थ अंगणे.